प्लुटोनियम बसून राहतं, आयोडीन पळतं

अणुकचरा खोल जमिनीत पुरला तर त्यातलं काय खडकाला चिकटून राहतं, हा माझा प्रोजेक्ट, आणि त्याचे पहिले तीन महिने एका काचेच्या नळीने खाल्ले. काम दिसायला सोपं होतं, ग्रॅनाइट कुटायचा, चाळायचा, एक ग्रॅम पूड नळीत घ्यायची, त्यावर २० मिलिलिटर पाणी ज्यात युरोपियम नावाचं मूलद्रव्य अगदी नावापुरतं विरघळवलेलं, झाकण लावून आठवडाभर शेकरवर हलत ठेवायचं, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढायचं आणि त्यात किती युरोपियम उरलंय ते मशीनवर मोजायचं. जेवढं गायब झालं तेवढं खडकाला चिकटलं, बस्स. युरोपियम का, तर ते पाण्यात बरंचसं अणुकचऱ्यातल्या अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्यासारखं वागतं, दोघांवर तीन धन भार, आकारही जवळपास तोच, फक्त साधं युरोपियम किरणोत्सारी नसतं त्यामुळे शिकाऊ पोरांच्या हातात द्यायला बरं.

उत्तर आलं, ९९ टक्के चिकटलं. मी खूश. सरांना वही नेऊन दाखवली तर त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं, ब्लँक कुठाय?"

ब्लँक म्हणजे ज्या नळीत खडक टाकलेलाच नाही अशी नळी, बाकी पाणी तेच, युरोपियम तेवढंच, दिवस तेवढेच. ती मी लावलीच नव्हती. लावली, आठवड्याने मोजलं, तर खडक नसतानाही ४० टक्के युरोपियम गायब! मी आधी मशीनवर संशय घेतला, मग पिपेटवर, मग स्वतःवर. शेवटी ती नळी रिकामी केली, आत थोडं नायट्रिक ॲसिड फिरवलं आणि ते ॲसिड मोजलं, तर सगळं युरोपियम त्यात परत. काचेच्या भिंतीला जाऊन बसलं होतं. आणि ४० टक्के वजा करून टाका असंही करता येत नाही, कारण खडक असतो तेव्हा तो काचेशी स्पर्धा करतो, भिंतीच्या वाट्याला मग कमी येतं, किती कमी ते परत वेगळं मोजायचं. तीन महिने पाण्यात. पण अणुकचरा जमिनीत पुरण्याच्या विषयातली मुख्य गोष्ट मला त्या नळीनेच शिकवली, की काही मूलद्रव्यं कशालाही चिकटतात, अगदी काचेला, प्लास्टिकला, गंजाला, आणि काही कशालाच नाही, आणि लोकांना ज्यांची भीती वाटते ती बहुतेक पहिल्या गटातली असतात.

खोल पुरायची कल्पना थोडक्यात सांगते. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन जाड धातूच्या डब्यात, डब्याभोवती बेंटोनाइट नावाची फुगणारी चिकणमाती, आणि भोवती शेकडो मीटर खडक. फिनलंडच्या ओल्किलुओतोमध्ये ओन्कालो म्हणून बोगदे खणलेत, जमिनीखाली ४०० मीटरहून खोल, तिथला खडक साधारण १९० कोटी वर्षं जुना, आणि डबे तांब्याचे. फ्रान्समध्ये ब्यूरजवळ ग्रॅनाइट नाही तर १६ कोटी वर्षांपूर्वीची चिकणमाती दबून झालेला दगड आहे, सुमारे ५०० मीटरवर. डबा कधी ना कधी गळणार हे सगळेच धरून चालतात. म्हणजे "लीक होईल का" हा लोकांचा प्रश्न असतो, पुरणाऱ्यांचा नाही, त्यांचा प्रश्न असतो की गळाल्यावर पाण्यात उतरलेला अणू वरपर्यंत यायला किती वेळ घेईल, आणि तेवढ्या वेळात तो स्वतःच क्षय होऊन संपेल का.

आता चिकटणं. हा शब्द फसवा आहे कारण त्याच्यात तीनचार वेगळ्याच गोष्टी कोंबलेल्या आहेत.

सीझियमपासून सुरू करते कारण ते माझं आवडतं. चिकणमातीचं खनिज म्हणजे पत्त्यांचा कॅट समजा, एकावर एक पातळ थर. प्रत्येक थरात सिलिकॉनच्या जागी कुठेकुठे ॲल्युमिनियम घुसलेलं असतं, सिलिकॉनवर चार धन भार, ॲल्युमिनियमवर तीन, म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत एक भार कमी पडतो आणि अख्खा थर ऋण भाराचा होतो. ही तूट भरायला दोन थरांच्या मधे सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम येऊन बसतात. सीझियम आलं की ते त्यातल्या एकाला उठवून स्वतः बसतं. एवढंच असतं तर सीझियमलाही उद्या कोणीतरी उठवलं असतं. पण इलाइट नावाच्या खनिजात आणि झिजलेल्या अभ्रकात थरांच्या कडा जराशा उकललेल्या असतात, जुन्या वहीचे कोपरे कसे फुगून पानं सुटी होतात तसे. बाकीच्या बऱ्याच आयनांच्या अंगावर पाण्याचं जाडजूड पांघरूण असतं, सोडियम-कॅल्शियम ते सहजी सोडत नाहीत म्हणून त्या फटीत मावत नाहीत. सीझियम मोठं आणि त्याच्यावर भार एकच, पाण्याला ते सैल धरतं, पांघरूण टाकून उघडंच आत शिरतं आणि थरातल्या ऑक्सिजनच्या सहा कोनी खळग्यात नेमकं बसतं. मग कधीकधी थर त्याच्यावर मिटतातच. संपलं, बसलं ते.

हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून इतकं लांबवतेय. युरोपियमचं लफडं निस्तरल्यावर ग्रॅनाइटची एक गुळगुळीत चकती साध्या सीझियमच्या पाण्यात काही महिने ठेवली होती, मग तिचा नकाशा काढला, कुठे किती सीझियम ते. ग्रॅनाइटमध्ये पांढरं-गुलाबी फेल्डस्पार आणि करडं क्वार्ट्झ मिळून बहुतेक सगळी जागा व्यापतात, काळं अभ्रक म्हणजे बायोटाइट इथेतिथे चिमूटभर. नकाशावर क्वार्ट्झ जवळजवळ कोरं. फेल्डस्पारवर फिकट धूर. आणि बायोटाइटचे कण दिवे लावल्यासारखे, त्यातही कडाच जास्त. म्हणजे "ग्रॅनाइटला सीझियम चिकटतं" हे वाक्यच खोटं की हो, ग्रॅनाइटमधल्या थोड्याशा अभ्रकाला चिकटतं, बाकी खडक नुसता बघत बसतो! दोन खाणींमधले ग्रॅनाइट दिसायला सारखे पण एकात अभ्रक दुप्पट असेल तर उत्तरही पार बदलणार.

ही गोष्ट न बघितल्यामुळे किती महागात पडतं त्याचं उदाहरण खडकाचं नाही, मातीचं आहे, पण रसायन तेच. चेर्नोबिल १९८६ मध्ये झालं तेव्हा ब्रिटनच्या डोंगराळ भागात पावसाबरोबर सीझियम पडलं. सुरुवातीला सांगितलं गेलं की थोड्याच आठवड्यांत निवळेल, माती सीझियमला धरून ठेवते. चिकणमाती असलेल्या जमिनींचं ज्ञान होतं ते, आणि तिथे ते बरोबरही होतं. पण त्या डोंगरांवरची माती कुजलेल्या वनस्पतींची, आम्लाची, तिच्यात चिकणमाती जवळपास नाहीच. सीझियमला शिरायला फटच नाही, ते गवतात गेलं, गवतातून मेंढ्यांत, शेणातून परत मातीत. काही आठवडे म्हटलेले निर्बंध पूर्ण उठले २०१२ मध्ये. २६ वर्षं! उलट जिथे चिकणमाती आहे तिथे न नांगरलेल्या जमिनीत सीझियम वर्षानुवर्षं वरच्या काही सेंटिमीटरमध्येच पडून राहिलेलं दिसतं, फुकुशिमाला माती खरवडून काढायचा उद्योग केला तो याच जोरावर.

स्ट्रॉन्शियमचं मात्र असं काही नाही. ते थरांमधे बसतं पण पाण्याचं पांघरूण घेऊनच, सैल. आजूबाजूच्या पाण्यात कॅल्शियम वाढलं की मुकाट्याने उठतं. खारट भूजलात ते खडकाच्या हाती फारसं लागतच नाही.

तर हे सगळं मोजायचं कसं? यासाठी एक आकडा वापरतात, केडी म्हणतात त्याला. एक किलो खडकावर जेवढं बसलंय भागिले एक लिटर पाण्यात जेवढं उरलंय. माझ्या नळीतल्या ९९ टक्क्यांचा केडी निघतो सुमारे २०००, काच धरली नाही तर. आणि या आकड्यावरून वेग काढता येतो, कारण अणू जेवढा वेळ खडकावर बसलाय तेवढा वेळ तो चालत नाहीये. भुसभुशीत, वाळूसारख्या थराचं गणित करून बघा, केडी फक्त १० धरला तरी मूलद्रव्य पाण्यापेक्षा साधारण ४० पट हळू जातं. पाणी वर्षाला एक मीटर जात असेल तर ३०० वर्षांत पाणी ३०० मीटर आणि ते मूलद्रव्य सात-साडेसात मीटर. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा वेळ) ३० वर्षं, म्हणजे ३०० वर्षांत त्याची दहा अर्धायुष्यं होतात आणि हजारातला एक भाग उरतो. घरापासून फाटकापर्यंत पोचेतो माणूस म्हातारा होऊन संपला असा प्रकार.

गणित म्हणून मस्त. पण मला या आकड्याचा राग येतो, आणि तो राग त्या नळीपासूनचा आहे. केडी हा खडकाचा गुण नाहीच, तो त्या दिवशीच्या पाण्याचा, त्या पीएचचा, त्या पुडीचा आणि (माझ्या बाबतीत) त्या काचेचासुद्धा गुण आहे. शिवाय खडक कुटला की जे पृष्ठभाग कोट्यवधी वर्षं आत मिटलेले होते ते उघडे पडतात, अख्ख्या खडकात पाणी तिथे पोचणारच नसतं. म्हणजे पुडीवरचा आकडा बहुतेक वेळा खडकाची खोटी स्तुती करतो. तक्त्यात मात्र तो एका रकान्यात एकच आकडा म्हणून बसतो आणि पुढचा माणूस तो उचलून मॉडेलमध्ये टाकतो.

युरेनियमकडे बघितलं की हे जास्त कळतं. ते थरांत शिरत नाही, ते खनिजाच्या कडेवर, लोखंडाच्या गंजावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उघड्या असतात त्यांना धरतं, रासायनिक बंधच तयार होतो. पाणी आम्ल असेल तर त्या जोड्या हायड्रोजनने भरलेल्या असतात आणि युरेनियमला कोणी विचारत नाही. पीएच चार-पाचच्या आसपास चिकटणं एकदम चढतं, आलेख भिंतीसारखा उभा. तटस्थ पाण्यात भरपूर चिकटतं. आणि पीएच आठच्या वर, पाण्यात कार्बोनेट असेल तर, परत घसरतं, कारण कार्बोनेट त्याला पाण्यातच धरून ठेवतं, कॅल्शियम पण त्या टोळीत सामील होतं आणि असा एक गट तयार होतो ज्याच्यावर भारच नाही, खडकाला त्यात पकडायला काही उरत नाही. एकच खडक, एकच युरेनियम, नुसतं पाणी बदललं.

आणि याच्याही वर ऑक्सिजन. खोल खडकात पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तिथलं लोखंड अजून गंजायला भुकेलेलं असतं, बायोटाइटमधलं, पायराइट नावाच्या खनिजातलं. युरेनियमचं एक रूप पाण्यात सहज विरघळतं, पण या लोखंडाने त्याला दोन इलेक्ट्रॉन दिले की ते दुसऱ्या रूपात जातं आणि पाण्यातून खाली बसतं. नेपच्युनियम तसंच. टेक्नेशियमचं तर सगळंच याच्यावर अवलंबून, ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ते चार ऑक्सिजन लावून ऋण भाराचं होतं आणि मोकाट सुटतं, अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षं, म्हणजे वाट बघून संपणारं नाही. तेच लोखंडाच्या तावडीत सापडलं की ठप्प. म्हणून लोक ४०० मीटर खाली जातात. फक्त माणसांपासून लांब म्हणून नाही.

प्लुटोनियम चार वेगवेगळ्या रूपांत पाण्यात असू शकतं, रसायनवाल्यांचं डोकं फिरवतं, पण खोलवरच्या परिस्थितीत ते विरघळतच फार कमी आणि जे विरघळतं ते पृष्ठभाग दिसला की चिकटतं. त्यातल्या प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं, विषारी, नावातच दहशत. मला कोणी विचारलं की अणुकचऱ्यातलं सगळ्यात भयंकर काय, तर त्याच्या मनात उत्तर तयार असतं, प्लुटोनियम. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ते श्वासातून आत गेलं तर खरंच वाईट, पण ५०० मीटर खालच्या चिकणमातीत ते जागचं हलत नाही.

हलतं कोण? आयोडीन-१२९. क्लोरीन-३६. काही प्रमाणात सेलेनियम-७९. यांची नावं कोणाच्या तोंडी नसतात. आयोडीन पाण्यात ऋण भाराचं असतं, आणि चिकणमातीचे थरही ऋण, मग चिकटणं सोडाच, थर त्याला ढकलून देतात, बारीक छिद्रांत तर शिरूच देत नाहीत. केडी जवळजवळ शून्य. अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या वर. फ्रान्सच्या चिकणमातीच्या जागेसाठी जी सुरक्षेची गणितं केली त्यात लाखो वर्षांनी वर पोचणाऱ्या किरणोत्साराच्या डोसमध्ये हीच मंडळी पुढे दिसतात, प्लुटोनियम-अमेरिशियम थोड्याच मीटरमध्ये अडकून तिथेच संपतात. डोस मर्यादेच्या खाली आहे तो आयोडीन चिकटतं म्हणून नाही, तर त्या दगडात पाणी वाहतच नाही, सगळं नुसतं अणूअणूने सरकत जातं आणि वाटेत पसरून पातळ होतं म्हणून. आयोडीनला पकडणारं काहीतरी त्या मातीत मिसळावं म्हणून बरेच प्रयोग झालेत, पण लाखो वर्षं टिकेल असं काही सापडणं अवघड.

ग्रॅनाइटचा प्रश्न वेगळाच, तिथे पाणी भेगांतून वाहतं. बोगद्याच्या भिंतीवर ओली रेघ दिसते, बाकी भिंत कोरडी. मग अणू भेगेतूनच सुसाट जाणार, दगडाला शिवणारच कशाला? पण भेगेच्या दोन्ही बाजूंचा दगड दिसतो तितका भरीव नसतो, त्यात अर्धा-एक टक्का किंवा त्याहूनही कमी बारीक छिद्रं असतात, साचलेल्या पाण्याने भरलेली. वाहत्या पाण्यातून अणू त्या साचलेल्या पाण्यात भटकत जातात, तिथल्या अभ्रकाला बसतात, कधीतरी परत बाहेर येतात. आयोडीनसुद्धा या आडवाटेला लागून थोडं उशिरा पोचतं, चिकटत नसलं तरी. स्वित्झर्लंडच्या ग्रिम्झेलला डोंगराच्या आत प्रयोगशाळा आहे, १९८४ पासून, तिथे खऱ्याखुऱ्या भेगेत एका टोकाने द्रव सोडून दुसऱ्या टोकाला काय कधी येतं ते मोजतात. न चिकटणारं आधी येतं, चिकटणारं मागून, लांबलचक शेपटी घेऊन.

निसर्गाने एक प्रयोग स्वतःच करून ठेवलाय म्हणून ओक्लोचं नाव या विषयात सारखं येतं. गॅबॉनमधली युरेनियमची खाण, १९७२ मध्ये तिथल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के निघालं, एवढ्याशा फरकावरून कळलं की साधारण २०० कोटी वर्षांपूर्वी तिथे जमिनीतच अणुभट्ट्या पेटल्या होत्या. त्यात तयार झालेलं प्लुटोनियम जागच्या जागी क्षय पावलं. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम बरंचसं निघून गेलं, आयोडीन आणि वायू तर गेलेच. क्रम बघा, सीझियम सोडलं तर वर सांगितल्यासारखाच. पण "बघा, ओक्लोने सिद्ध केलं" असं कोणी म्हटलं की मी थोडी आखडते, कारण तिथे प्लुटोनियम खडकाला चिकटून राहिलं नाही, ते ज्या युरेनियमच्या दाण्यात जन्मलं तो दाणाच फारसा विरघळला नाही. राहणं आणि चिकटणं वेगळं.

आणि प्लुटोनियम कधीच हलत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या नेवाडामध्ये १९६८ साली जमिनीखाली बेनहॅम नावाचा अणुस्फोट केला होता, नंतर तिथून १.३ किलोमीटरवरच्या विहिरीच्या पाण्यात प्लुटोनियम सापडलं. १९९९ मध्ये ते छापून आलं. प्रमाण अगदीच थोडं, पण प्लुटोनियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर त्याच स्फोटाचं, दुसऱ्या कुठल्या नाही. केडीच्या हिशोबाने त्याने काही मीटरही जायला नको होतं. झालं असं की पाण्यात चिकणमातीचे आणि झिओलाइट नावाच्या खनिजाचे अतिबारीक कण तरंगत होते, प्लुटोनियम त्यांना चिकटलं, आणि कण पाण्याबरोबर निघाले. म्हणजे चिकटायची जी सवय त्याला जागेवर ठेवते तीच त्याला घेऊन गेली, फक्त या वेळी ज्याला ते चिकटलं तो खडक चालत होता.

हे वाचल्यावर मी माझ्या नळ्यांकडे परत बघितलं. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी मला नेहमी स्वच्छ वाटायचं. एकदा अंधारात बाजूने लेझर पॉइंटर मारला तर पाण्यात किरणाची हिरवी रेघ आरपार दिसली, म्हणजे कण होतेच, खाली न बसलेले, आणि मी त्यांच्यावरचं युरोपियम इतके दिवस "पाण्यात उरलेलं" म्हणून वहीत लिहीत होते. त्यांच्यामुळे केडी कमी येत होता, काचेमुळे जास्त. दोन्ही चुका एकमेकींना किती खोडत होत्या ते काढायला आणखी दीड महिना गेला.